सोन्याचं पाणी

अक्कलकुवा
१२ जुलै २०२४

चि. आयुषी,

जय जिनेंद्र. हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी उलटून पाठवणाऱ्याचं नाव बघशील. नाव बरोबर आहे, अक्षरही माझंच आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीत मी सर्वांसमोर म्हटलं होतं की यापुढे तुझ्याशी बोलणार नाही. तो शब्द अजून मोडलेला नाही. बोलणार नाही असं म्हटलं होतं, लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. ही पळवाट सापडायला मला चार वर्षं लागली, यावरून तुझ्या बापाची अक्कल किती ते तुला माहीतच आहे.

मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, पण कागदावर मला जिल्हा परिषदेच्या शाळेतली मराठीच येते.

आता कामाचं. मागच्या रविवारी पेपरात तुझा फोटो आला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सोन्याच्या कणांनी मधुमेह बरा, अक्कलकुव्याच्या कन्येचा पुण्यात शोध'. तुझ्या भावाने, अंकितने, सकाळी सात वाजता पेपर आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि निघून गेला. मी तो दुपारपर्यंत वाचला नाही. म्हणजे एकदाच वाचला.

तेव्हापासून दुकानात उभं राहायची सोय उरलेली नाही. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "शेठ, तुन्ही पोरनी दवाई शे का?" मी सांगतो, बाबा, हे किराण्याचं दुकान आहे, इथे गूळ, तेल, मीठ मिळतं. तर ते हसतात आणि म्हणतात, घरच्यांसाठी ठेवली असशील. काल दगूबाई तर धडगावच्या बाजूहून दोन गाड्या बदलून आली होती. तिला चहा पाजून परत पाठवलं.

तर माझे प्रश्न असे. पेपरात आलंय ते खरं आहे का? असेल तर ते औषध इकडे कधी मिळेल? आणि तिसरा प्रश्न. आपल्या बाजारात उमाकांत नावाचा एक जण 'सुवर्णधारा' म्हणून बाटल्या विकतो. सोन्याचं पाणी. बाटलीवर तुझा पेपरातला फोटो चिकटवलेला आहे. ती तुझीच वस्तू आहे का?

हे मी स्वतःसाठी विचारत नाही. फत्तेसिंगसाठी विचारतोय. फत्तेसिंग वसावे, माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार, तुला लहानपणी खांद्यावर बसवून डोंगरात मोर दाखवायला न्यायचा तोच. आश्रमशाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालाय. दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घेतो आणि वैतागलाय. माझी तब्येत ठणठणीत आहे.

उत्तर पोस्टाने पाठव. फोन केलास तर मी घेणार नाही.

प्रेमचंद
(म्हणजे पप्पा)


अक्कलकुवा
२४ जुलै २०२४

चि. आयुषी,

तुझं चार पानी पत्र मिळालं. तीनदा वाचलं. एकदा दुकानात, एकदा गच्चीवर, आणि एकदा तुझ्या मम्मीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती ऐकताना मध्येमध्ये अशी मान हलवत होती की जणू सगळं तिला आधीच पाठ आहे. तेव्हा मला कळलं की रोज दुपारी वाळलेले कपडे काढायला ती फोन घेऊन गच्चीवर का जाते आणि तिला पाऊण तास का लागतो.

तू लिहिलंस ते मला समजलंय का, ते बघ. सोनं हे औषध नाहीच. सोनं म्हणजे गाडी. माल म्हणजे साखरेच्या आजाराची तीच नेहमीची गोळी. नुसती गोळी पोटात गेली की बराचसा माल वाटेतच सांडतो. तो माल सोन्याच्या कणावर बसवून पाठवला तर थोडक्यात काम भागतं का, आणि जास्त वेळ टिकतं का, एवढंच तुम्ही बघताय. कण इतका बारीक की एका केसाच्या जाडीत चार हजार शेजारीशेजारी बसतील. आणि हे आतापर्यंत छत्तीस उंदरांवर झालंय. माणसावर नाही. माणसावर यायला आणखी कित्येक वर्षं लागतील आणि कदाचित येणारही नाही. पेपरवाल्याने 'उंदीर' हा शब्द गाळला आणि 'बरा' हा शब्द पदरचा घातला.

बरोबर?

एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात लाल दिसतं, डाळिंबाच्या रसासारखं. हे मी बाजारातल्या सोनाराला सांगितलं. तो म्हणाला, शेठ, साठी उलटली की असं होतं.

तुझं शेवटचं वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंयस, 'पप्पा, कोणालाही चालू औषध बंद करू देऊ नका, आणि बाटलीवरून माझा फोटो काढायला लावा.' करतो. सवडीने सगळ्यांना सांगतो. एकदम सांगितलं तर लोकांचा हिरमोड होईल. चार वर्षं या गावात तुझं नाव निघालं की मी विषय बदलत होतो. आता लोक आपणहून काढतात, 'शेठनी पोर' म्हणून कौतुक करतात, ते दोन दिवस ऐकून घेऊ दे. पेपरातलं कात्रण मी चौकटीत घालून दुकानात लावलंय. धूळ बसू नये म्हणून.

आणखी एक. 'तुम्ही घेता तीच गोळी' असं तू लिहिलंयस. मी गोळी घेतो हे तुला कोणी सांगितलं ते मला कळलं आहे. विचारत नाही.

पप्पा


अक्कलकुवा
४ ऑगस्ट २०२४

आयुषी,

या पत्रात मी काही लपवणार नाही, म्हणून बस आणि मग वाच. आधी हे सांगतो की फत्तेसिंग जिवंत आहे.

गुरुवारी सकाळी दुकान उघडत होतो, तर त्याची बायको फुलीबाई पायरीशी उभी. पहिल्या जीपने डोंगरातून उतरली होती. मी म्हटलं, "ये, बस. फत्तेसिंग कुठाय?"

ती बसली नाही. "मन्हा नवरानी सुई बंद करी टाकी," ती म्हणाली. "बारा दिन व्हयनात."

"का?"

"तू सांगं म्हनीसन."

मग तिने सांगितलं की तो दोन दिवस उलट्या करतोय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, आणि आता उठवलं तरी उठत नाही. अंकितने गाडी काढली. पाड्यापर्यंत रस्ता जात नाही, शेवटचा उतार त्याला खाटेवर घालून चौघांनी आणलं. एक कोपरा मी धरला होता. इथल्या दवाखान्यात सलाईन लावून लगेच नंदुरबारला पाठवलं. तळोद्यापर्यंत मी त्याच्या नाकाशी हात धरून होतो.

नंदुरबारला एक तरुण डॉक्टरीण होती, तुझ्याच वयाची. तिने विचारलं, "यांना सुई बंद करायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. किराणा."

ती नुसतं लिहीत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता जे लपवलं ते. उमाकांत 'बाजारात एक जण' नव्हता. तो आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसायचा. मीच जागा दिली होती. पेपर आला त्याच आठवड्यात तो आला, हातात कात्रण, म्हणाला, शेठ, तुमची मुलगी म्हणजे जिल्ह्याचं भूषण. एवढंच पुरलं मला. तो ओट्यावर बसून दिवसभर भोंग्यावरून तुझं नाव घ्यायचा आणि मी आत बसून ऐकायचो. तुझं पत्र आल्यावर त्याला उठवायचं होतं. म्हटलं, या बाजाराला राहू दे, पुढच्या बाजाराला सांगू. फत्तेसिंगने बाटली माझ्या पायरीवर घेतली. घेताना मला विचारलं, "शेठ, शे का खरं?" मी म्हटलं, "घरचीच वस्तू आहे." तेव्हा तुझं पत्र यायचं होतं. पण ते आल्यावर मी त्याला निरोप धाडला नाही. म्हटलं, बाजाराला येईल तेव्हा सांगू.

दुसरं. मीसुद्धा ते पाणी पीत होतो. अठरा दिवस. रोज सकाळी दोन चमचे. गोड लागायचं. मला वाटलं, सोन्याला अशी चव असेल. नऊ वर्षांपासूनची गोळी मी बंद केली होती. तुझं पत्र वाचूनही दोन दिवस पीत राहिलो, त्याचं कारण मला सांगता येणार नाही. बाटलीवर तुझा फोटो होता, एवढंच.

त्या डॉक्टरणीने फत्तेसिंगचं सगळं मार्गी लावून मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला पण शुगर आहे का?" बोट टोचलं. तीनशे शहाऐंशी. ती म्हणाली, "तुम्ही पण इथेच थांबा." एक दिवस मी पण खाटेवर होतो, त्याच्या शेजारच्या. हे तुझ्या मम्मीने तुला सांगितलं नसेल, कारण मी तिला शपथ घातली होती. ती या वेळी तिने पाळली, याचं नवल वाटतं.

तिसऱ्या दिवशी फत्तेसिंगने डोळे उघडले. मी त्याच्याशेजारी स्टुलावर बसलो होतो. तोच म्हणाला, "शेठ, शाळामा तुन्हं गणित देखीसन लिखू अन् नापास व्हऊ. तरी मी सुधरनू नही."

मला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. फुलीबाई म्हणाली, आता दोघं रडू नका, सलाईन हलेल.

उमाकांतला मी ओट्यावरून उठवलं. तो समोर रस्त्यापलीकडे जाऊन बसला. लोकांना मी सांगतो, हे खोटं आहे, माझी मुलगी म्हणते खोटं आहे. कोणी ऐकत नाही. म्हणतात, शेठने त्याला हाकललं म्हणजे शेठ आता माल स्वतःच विकणार. सुकलाल शिंपी काल दोन बाटल्या घेऊन गेला. त्याचे दोन्ही भाऊ सुई घेतात.

माझं कोणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील, कारण फोटो तुझा आहे. पुढच्या बाजाराला ये. मी बोलेन तुझ्याशी. शब्द मोडला तर मोडला, त्याचं प्रायश्चित्त माझं मी बघेन.

पप्पा


अक्कलकुवा
२० ऑगस्ट २०२४

चि. आयुषी,

तू सुखरूप पोचल्याचं मम्मीने सांगितलं. (गच्चीवर आता दोघंही जातो. मी पायरीवर बसतो, कपडे ती काढते.)

बाजाराच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण तू समोर तोंड करून उभी होतीस आणि मी मागे दुकानात होतो. मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

आधी बसस्टँड. चार वर्षांनी मी तुझ्याशी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "बसमध्ये जागा मिळाली का?" आदल्या दिवसापासून मी वाक्यं जुळवत होतो. एक चांगलं जुळलंही होतं. तू म्हणालीस, "खिडकीजवळची." मग आपण घरापर्यंत एसटीच्या वेळापत्रकाबद्दल बोललो. मला वाटतं, बरंच बोललो.

तू ओट्यावर उभी राहिलीस तेव्हा पहिल्यांदा लोक तुझ्याकडे बघतच नव्हते, बाटलीवरच्या फोटोकडे बघून ताडून पाहत होते. मग तू पर्समधून ती बोटभर कुपी काढलीस, आतलं लालभडक पाणी उन्हात धरलंस आणि म्हणालीस, "हे सोनं शे." सगळे हसले. तू अहिराणी विसरली नाहीस, हे ऐकून आत तेलाच्या डब्यामागे तुझी मम्मी डोळे पुसत होती.

तू सांगितलंस की हे तू उंदरांना दिलंस, तू स्वतः पीत नाहीस, आणि तुझ्या सख्ख्या बापालाही देणार नाहीस. तेव्हा सुकलाल शिंपी माझ्याकडे वळून बघायला लागला. मी मान डोलावली. माझ्या शब्दापेक्षा त्या मान डोलावण्यावर त्याचा जास्त विश्वास बसला असावा.

फत्तेसिंग काठी टेकत उठला आणि तुझं बोलणं डोंगरातल्या लोकांसाठी भिलीत सांगायला लागला, ते मला निम्मंच कळलं. तुझी दोन वाक्यं झाली की त्याची दहा व्हायची. मध्ये त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळे खो खो हसले. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी सांगं, या शेठनं मले मारी टाकं व्हतं, तरी मी याना दुकानमाच मीठ लेस. तुम्हीबी ल्या." हे तुझ्या मधुमेहात कुठे बसतं ते मला समजलं नाही, पण त्या दिवशी मिठाची गोणी संपली.

आणि मग उमाकांत रस्ता ओलांडून आला. मला वाटलं, आता भांडण होणार. तो तुला म्हणाला, "ताई, तुमचं लाल सोनं पुण्याचं, आमचं पिवळं सोनं आयुर्वेदाचं. दोन्ही खरं." लोकांना ते पटायला लागलं होतं, मी चेहऱ्यांवरून सांगतो. तू त्याच्याकडून एक बाटली मागितलीस, तुझं रक्त तपासायचं मशीन काढलंस, आणि पट्टीवर त्याच्या बाटलीतला थेंब टाकलास.

मशीनवर आकडा आलाच नाही. मापाच्या पलीकडे गेलं होतं.

तू म्हणालीस, हे मशीन रक्तासाठी आहे, याच्या मापावर जाऊ नका, पण यात साखर आहे एवढं नक्की. मग मागून कोणीतरी बाई म्हणाली, "व माय, दवाईलेच शुगर शे."

एवढं हसताना मी हा बाजार कधी पाहिला नव्हता. उमाकांतलाही हसू आवरलं नाही, मी पाहिलं. हसताहसताच त्याने पेटी बांधली. नंतर तो मला म्हणाला की मध घातला होता, नुसतं हळदीचं पाणी आणि वर्ख कोणी पीत नाही म्हणून. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी त्याला म्हसावदजवळ गाठलं. बाटल्या जप्त झाल्या. ज्या आधी विकल्या गेल्या त्यांच्यासाठी फत्तेसिंग आणि अंकित मोटारसायकलवरून पाडेपाडे फिरताहेत. कालपर्यंत एकोणतीस परत आणल्या. एका म्हाताऱ्याने बाटली दिली, पण तुझा फोटो काढून ठेवून घेतला.

आता ओट्यावर दर बाजाराला आरोग्य केंद्राची नर्स मशीन घेऊन बसते. पहिल्या दिवशी रांगेत पहिला नंबर माझा लावला, मुद्दाम, सगळ्यांसमोर. एकशे बहात्तर. लोकांनी आकडा ऐकला, मग एकेक पुढे आले.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मम्मीने तुझ्यासाठी दाल-बाटी केली होती आणि तू ताटावर बसली नाहीस. म्हणालीस, उपास आहे. मी तिथी मोजून पाहिली, त्या दिवशी काहीच नव्हतं. मला वाटलं, माझ्यावरचा राग आहे, या घरचं खायचं नाही असं ठरवलंय. तू गेल्यावर मी मम्मीला तसं म्हटलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मला सांगितलं.

की प्रयोगाच्या शेवटी ज्या दिवशी उंदरांना मारावं लागतं, त्या दिवशी तू पाण्याशिवाय काही घेत नाहीस. पहिल्यापासून. आणि त्या दिवशी तू पहाटे ते काम उरकून बसमध्ये बसली होतीस.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

पप्पा


अक्कलकुवा
९ सप्टेंबर २०२४

चि. आयुषी,

काल संवत्सरी झाली. दरवर्षीप्रमाणे मी सगळ्यांना खमत खामणा केला. सव्वाशे कार्डं लिहिली, गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, वकिलाला, बँकेतल्या साहेबाला, ज्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही त्या माझ्या साडूलासुद्धा. जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा. छापील वाक्य आहे, खाली सही करायची.

तुला कार्ड पाठवत नाही. तुला ते पुरणार नाही, कारण मी अजाणता दुखावलं नव्हतं.

त्या दिवाळीला तू जेवताना सांगितलंस की तुमच्याकडे उंदरांना आधी साखरेचा आजार देतात, मग औषध देतात आणि शेवटी मारतात. तू खोटं बोलू शकली असतीस. 'कॉम्प्युटरवर काम करते' म्हणाली असतीस तर मी मान डोलावून शिरा वाढून घेतला असता. तू खरं सांगितलंस आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर तुला हत्यारी म्हटलं. तू ताट उचलून धुऊन ठेवलंस आणि पहाटेच्या गाडीने गेलीस. तो शब्द मी परत घेतो. पाहुणे होते तेवढ्या सगळ्यांना फोन करून काल परत घेतला. साडू म्हणाला, कोणता शब्द? त्याला आठवतही नव्हता. मला मात्र चार वर्षं रोज आठवत होता.

मला खोटं लिहायचं नाही. तो जीव घेणं मला आजही पटत नाही. पटेल असं वाटत नाही. हे मी फत्तेसिंगला सांगितलं. तो सुई टोचून घेत होता. म्हणाला, आश्रमशाळेत मी पोरांना शिकवायचो, ही सुई पहिल्यांदा कुत्र्यांवर करून पाहिली होती, आणि नंतर किती वर्षं डुकराच्या, गायीच्या पोटातून काढायचे. "ती कुत्री गेली म्हणून मी आहे, शेठ. तुझी गोळी पण अशीच कुठून तरी आलेली असणार. आपण दोघं खातो आणि पोरीला बोलतो."

मी घरी येऊन गोळीकडे बघत बसलो. मग घेतली. नऊ वर्षांत पहिल्यांदा हात जोडून घेतली.

तुझ्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तुला ते माहीत होतं आणि तू त्या दिवशी उपाशी राहत होतीस. मला माहीत नव्हतं आणि मी दोन्ही वेळ जेवत होतो.

पुढची तारीख कधी आहे ते कळव. मलाही उपास धरायचाय.

पप्पा


अक्कलकुवा
५ ऑक्टोबर २०२४

चि. आयुषी,

तू तारीख कळवलीस, खाली उंदरांची संख्या लिहिलीस, 'चोवीस'. पण डॉक्टरणीने मला उपासाची साफ मनाई केली. म्हणाली, काका, पुन्हा तीनशे शहाऐंशी बघायचेत का, की या वेळी उलटं, चाळीस बघायचेत? फुलीबाईने तिला दुजोरा दिला. त्या दोघी आता एक झाल्या आहेत, माझं काही चालत नाही.

म्हणून मी काल दुकान बंद ठेवलं. बत्तीस वर्षांत आईच्या आणि वडिलांच्या वेळी सोडून बाजाराच्या दिवशी ते बंद राहिलं नव्हतं. कुलूप लावलं आणि ओट्यावर बसून राहिलो. नवकार म्हणत होतो, पण लोक म्हणू देतील तर ना. पहिला सुकलाल आला.

"शेठ, कोणी गयं का?"

"हो," मी म्हटलं. "पुण्यात."

"किती जन?"

"चोवीस."

तो घाबरून खालीच बसला. त्याला वाटलं, बस उलटली. मग मी सांगितलं की उंदीर. तुझे. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसून राहिला. त्याला बसलेला बघून आणखी दोघं-तिघं बसले. काय झालंय हे सगळ्यांना कळलं होतं असं नाही. नर्सही मशीन घेऊन आली होती, तिने आमच्या कडेला बसून लोकांची बोटं टोचली. माझं दुकान बंद, तिचं चालू.

दुपारी फत्तेसिंग आला. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, आमच्यात कोणी गेलं की जमिनीवर मोहाची धार सोडतात, त्याचा वाटा म्हणून. "तुन्हा ओटावर दारू चालत नही, माले माहीत शे. काय देस?"

मी आत जाऊन माझं उकळलेलं पाणी तांब्याभर आणलं. तो उकिडवा बसला, भिलीत काहीतरी पुटपुटला आणि थेंब थेंब मातीवर सोडायला लागला. मी मोजत होतो. चोवीस झाले तरी तो थांबेना.

मी म्हटलं, "झाले की."

"आधीना छत्तीस ऱ्हायनात ना," तो म्हणाला.

मग मी त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि ते छत्तीस मी सोडले. बसायला मला गुडघ्यामुळे वेळ लागला, त्याने धरलं. साठ झाल्यावर दोघं तसेच खाली बसून राहिलो. त्याने घड्याळ पाहिलं, सुईची वेळ झाली म्हणाला आणि काठी घेऊन घरी गेला.

पप्पा